डव्हलेनचे पाय नेमके कोणाचे

थॉर्नले ब्रिज, डर्बीशायर
बुधवार, ११ मे २०११

प्रिय पर्ल मावशीस,

तुझ्या भाचीचा, म्हणजे लिनेटचा, मनापासून नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तूही तशीच असशील असं धरून चालते, कारण नसलीस तरी तू कळवणार नाहीस. गुडघा कसा आहे? समुद्राचा वारा त्याला मानवतो म्हणून तू मेबलथॉर्पला जाऊन राहिलीस, आणि आता त्याच वाऱ्याला शिव्या देतेस असं मला तुझ्या नाताळच्या कार्डावरून कळलं. तुझा पोपट अजून फक्त हवामानाच्या बातम्याच बोलतो का? आणि शेजारच्या त्या गृहस्थांनी झुडपाचं कुंपण कापलं की तूच परत कात्री घेऊन गेलीस? (गेली असशील तर मला सांगू नकोस. उद्या पोलिसांनी विचारलं तर मला काही माहीत नसलेलं बरं.) तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले याबद्दल माफी मागते. कारण मात्र भक्कम आहे. मी इतिहासकार झाले आहे.

झालं असं की, आपली बंद पडलेली मोज्यांची गिरणी कौन्सिलनं ताब्यात घेतली आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत डव्हलेन स्टॉकिंग्जचं संग्रहालय करायचं ठरवलं. वरच्या मजल्यांवर फ्लॅट होणार आहेत. (जिथे तू तीस वर्षं उभी राहून पाकिटं भरलीस तिथे आता कोणीतरी आंघोळीचा टब बसवतो आहे.) समितीचे अध्यक्ष वेनसाहेब, तेच ते, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायचे आणि दोन्हींकडे सारख्याच चेहऱ्यानं बघायचे. त्यांनी विचारलं, इतिहास कोण लिहील? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गिरणीच्या ऑफिसात अकरा वर्षं टाइपिंग केलं, एवढीच माझी लायकी. ते म्हणाले, "दोन पानं पुरेत." मी एकेचाळीस लिहिली.

आता तूच सांग, दोन पानांत काय सांगायचं? गिरणीचा पहिला मालक म्हातारा पीक एका शेडमध्ये सहा यंत्रं घेऊन जाड, काळे, लोकरी मोजे विणायचा, ते घातल्यावर बायकांचे पाय स्टोव्हच्या पाइपासारखे दिसायचे, तिथून सुरुवात. मग त्याच्या मुलानं रेशीम आणलं आणि बापानं त्याच्याशी चार वर्षं बोलणं टाकलं. मग लढाई आली, रेशीम पॅराशूटला गेलं, आणि आख्ख्या गावातल्या पोरी उघड्या पायांवर भुवयांच्या पेन्सिलीनं मोज्यांसारखी शिवण काढून नाचाला जायला लागल्या. यात मी आईची गोष्ट घातली होती. आजीनं तिला टेबलावर उभं करून मागून शिवण काढली, लांबून पाहिली, वाकडी आहे म्हणून पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. पोटऱ्या लाल झाल्या, आणि शेवटी शिवण सरळ आली तेव्हा नाच संपला होता. वेनसाहेबांनी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "कौटुंबिक." मग नायलॉन आलं, दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि डव्हलेनचं नाव लंडनपर्यंत गेलं. मग आखूड स्कर्ट आले, त्यांच्याबरोबर कमरेपर्यंतचे टाइट्स आले, आणि डव्हलेन म्हणत राहिली की हे खूळ उन्हाळ्याअखेर जाईल. ते खूळ काही गेलं नाही, गिरणीच गेली. माझी एकेचाळीस पानं त्यांनी चाळून पावणेदोनवर आणली आणि म्हणाले, "आता फक्त पाय राहिले."

पाय म्हणजे पाकिटावरचे. सत्तावन्न सालचं ते फिकट निळं पाकीट, त्यावर टाचांवर उभे असलेले दोन पाय, मागून काढलेले, डावा जरा पुढे, शिवण सूत धरल्यासारखी सरळ. चेहरा नाही, नाव नाही. वेनसाहेबांचं म्हणणं, दारासमोर ते चित्र पुरुषभर उंचीचं लावायचं आणि खाली पाटी, की हे पाय गावातल्या अमुक एका मुलीचे. आणि इथेच घोळ झाला, कारण गावात अमुक एक मुलगी नाही, तीन आहेत. पहिल्या फ्रेटवेलबाई, चॅपेलच्या चिटणीस. त्या म्हणतात, चित्रकार त्यांचा चेहराही काढणार होता पण वडिलांनी मोडता घातला. (चेहरा काढला असता तर माल खपला असता का, असं मर्टल टॅग म्हणाली, आणि त्या दिवसापासून दोघी चॅपेलात वेगवेगळ्या बाजूंना बसतात.) दुसरी ही मर्टल. तिचा दावा फक्त डाव्या पायापुरता आहे. मूळ मुलीची बस निघाली, म्हणून राहिलेल्या पायासाठी चित्रकारानं हिला उभं केलं. "उजव्याबद्दल मला काही ठाऊक नाही बाई," ती छातीवर हात ठेवून सांगते, "मी खोटं बोलणार नाही."

आणि तिसऱ्या आपल्या व्हेराकाकू. त्यांचं काय सांगू? अर्नोल्डकाकांनी ते पाकीट फ्रेम करून शेकोटीवर लावलं होतं हे तुला माहीतच आहे. गॅसवाला आला तरी त्याला ते आधी फ्रेमपाशी न्यायचे आणि मग मीटरपाशी. काका गेले, फ्रेम तिथेच आहे. पण मावशी, व्हेराकाकूंचा डावा पाय वाचत नाही. साखरेनं सगळी वाट लावली. चोवीस तारखेला, मंगळवारी, डर्बीच्या हॉस्पिटलात तो गुडघ्याखालून काढणार आहेत. संग्रहालयाचं उद्घाटन एकवीस तारखेच्या शनिवारी आहे. त्यांनी आजवर कधी कुणाकडे काही मागितलं नाही, पण परवा मला म्हणाल्या, "पाटी शनिवारी लागेल ना गं नक्की?" मी म्हटलं, लागेल. त्यावर कोणाचं नाव असेल, हे मात्र मला सांगता आलं नाही, आणि तेव्हापासून मला झोप नाही.

वेनसाहेबांना वाटलं, चाचणी घ्यावी. कल्पना अशी की तिघींनी चॅपेलच्या हॉलमध्ये पडद्यामागे बसायचं, फक्त गुडघ्याखालचे पाय बाहेर, पायांत डव्हलेनचा शेवटचा शिल्लक माल, आणि गिरणीत मोजे तपासणाऱ्या जुन्या बायकांनी चित्राशी ताडून निकाल द्यायचा. परीक्षक तीन, म्होरक्या एथेल ऑलसॉप. वय ब्याऐंशी, नजर घारीची. (तिनं म्हणे एकदा स्वतःच्या नवरीच्या वेषातले मोजे चॅपेलच्या दारात उतरवून बदलले होते, एक टाका सुटलेला दिसला म्हणून. तो पाद्री अजून सांगतो.) गेल्या शनिवारी दुपारी सगळी मंडळी जमली. पडदा रविवारच्या शाळेच्या नाटकातला, चांदण्या चिकटवलेला. व्हेराकाकू चाकाच्या खुर्चीतून आल्या. नर्सनं नको म्हटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "बाकीच्या बसतात आणि मी घरी राहू? मग लोक काय समजतील?" त्यांच्या डाव्या पायात मोजा मी चढवला. पाऊण तास लागला. त्यांनी फक्त माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला. वेनसाहेब बायकांच्या पायांकडे बघणं बरं दिसत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिकडूनच ओरडले, "परीक्षकांनी सुरुवात करावी!"

परीक्षकांनी सुरुवात केली. एथेल पहिल्या जोडीपाशी वाकली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "काढा." फ्रेटवेलबाईंना काही कळेना. "काढा म्हणते ना. अंगावर काय कपाळ दिसणार?" मोजे निघाले. एथेलनं मूठ आत घातली, बोटं फाकवली, हात खिडकीच्या उजेडात धरून हळूहळू फिरवला, आणि बाकीच्या दोघी तिच्या दोन बाजूंना येऊन उभ्या राहिल्या, जशा चाळीस वर्षं राहिल्या होत्या. मग मर्टलचे मोजे. खिडकीपाशी अशी काही कुजबुज चालली होती की जणू राणीच्या नातवाचं लग्न अजून ठरायचं आहे. इकडे चांदण्यांच्या पडद्याखाली चार उघडे पाय गारठत होते आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. (मर्टलनं आपले दोन्ही पाय तपासायला ठेवले होते. डाव्याला सोबत हवी, असं तिचं म्हणणं.) व्हेराकाकूंपाशी मात्र एथेल वाकली, तो पाय तिनं पाहिला, आणि हात मागे घेतला. म्हणाली, "ही जोडी राहू दे पायावरच." वीस मिनिटांनी निकाल वाचला गेला. पहिली जोडी : टाचेपाशी टाका सुटलेला, सेकंडचा, म्हणजे खोट असलेला माल. दुसरी : रंग कमी-जास्त, सेकंडचा माल. तिसरी : पास.

"अहो पण पाय?" वेनसाहेब भिंतीला म्हणाले.

"पायांचं आम्हाला काय विचारता?" एथेल म्हणाली. "आम्ही कधी पाय तपासले?"

त्यानंतर जे झालं ते चॅपेलच्या हॉलमध्ये पूर्वी कधी झालं नसेल. फ्रेटवेलबाई अनवाणीच पडद्याबाहेर आल्या आणि म्हणाल्या, हात न घालता जोडी पास करणं हा डव्हलेनच्या इतिहासातला पहिला अन्याय आहे. मर्टल म्हणाली, तिच्या डाव्या मोज्याचा रंग बरोबर होता, उजव्याची जबाबदारी तिच्यावर नाही. एथेल चहाच्या टेबलापाशी बसून पोर्कची पेस्ट्री खात होती. तिला मी हळूच विचारलं, न तपासता पास कशी केलीस? तर म्हणाली, "वय झालं लिनेट, हात दुखतो." आयुष्यात पहिल्यांदा ती धडधडीत खोटं बोलली आणि मला तिच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला.

तर आता समितीनं ठरवलंय की जिवंत साक्षीदाराचा शब्द शेवटचा. चित्रकार आला तेव्हा मॅनेजरनं सगळ्या मुलींना सभ्यतेपायी बाहेर काढलं होतं आणि पॅकिंग खात्याच्या दाराची किल्ली एकटीच्या हातात होती, तुझ्या. आत कोण उभं होतं हे तुझ्याखेरीज कोणाला माहीत असणार? मजकूर पेंटरकडे सोमवारी जायचा आहे. तेव्हा वेनसाहेबांच्या नावे चार ओळी लिही आणि उलट टपाली पाठव. ते म्हणतात, जे खरं असेल तेच लिहावं. त्यांच्या वतीनं मीही तसंच म्हणते.

जेवणखाण नीट कर. नुसत्या टोस्टवर राहू नकोस, आणि गुडघ्याला लोकरीचं काहीतरी गुंडाळ.

तुझी लाडकी (दुसरी भाचीच नाही म्हणून),
लिनेट

ता. क. सोबत बेकवेलचे दोन टार्ट पाठवते आहे. टपालात चपटे झाले असतील तर चमच्यानं खा. पोपटाला देऊ नकोस.

ता. क. पुन्हा. वर जे लिहिलं ते समितीसाठी, म्हणजे वेनसाहेबांनी पत्र वाचायला मागितलं तर दाखवता यावं म्हणून. हा कागद वेगळा आहे. मावशी, आईच्या बटणांच्या डब्याच्या तळाशी मला एक फोटो सापडला. चित्रकारानं आधी काढलेला, तेच पाय, तोच पुढे टाकलेला डावा. मागे आईच्या अक्षरात लिहिलंय, "आमची पर्ल. दोन तास टेबलावर उभी. म्हणते, पायांना मुंग्या आल्या, आणि कुणाला सांगशील तर बघ." मी ते अक्षर तीनदा वाचलं आणि मग बटणांवरच रडले. इतकी वर्षं तू त्या फ्रेमसमोर बसून चहा प्यायलीस आणि कधी हूं की चूं केलं नाहीस! फोटो या पाकिटात घातला आहे. दुसरी प्रत नाही. तू म्हणशील तर तुझं नाव मी त्या पाटीवर दारापेक्षा मोठ्या अक्षरांत लावीन आणि अभिमानानं खाली उभी राहीन, फ्रेटवेलबाई काय वाटेल ते म्हणोत. पण तू जर व्हेराकाकूंचं नाव लिहिलंस, तर मी या जन्मात तुझ्याकडे दुसरं काही मागणार नाही. खोटी साक्ष दे असं मी तुला सांगते आहे, हे मला कळतंय.

ता. क. शेवटचा. पत्र बंद केलं होतं, ते परत फोडलं. आत्ता व्हेराकाकूंकडे भाताची खीर द्यायला गेले होते. मी फोटोचं अवाक्षर काढलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "पर्लला लिहिते आहेस ना? मग सांग तिला. अर्नोल्डला मी पहिल्याच नाचात थाप मारली होती. दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होते, पण तोवर त्यानं गिरणीभर केलं होतं. मग लग्नच झालं, कधी सांगू? पाय तिचेच आहेत गं. म्हणावं, एवढे मंगळवारपर्यंत राहू देत माझ्याकडे."