आज खडूने दोनशे अठ्ठ्याहत्तर लिहा

प्रिय बाबा,

आज संध्याकाळचे तुमचे तिन्ही फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. आजचा आकडा आणि ‘बरी आहे’, एवढाच निरोप पाठवलाय. बोलले असते तर पुन्हा खोटंच बोलले असते, म्हणून लिहितेय. सकाळच्या गाडीचे ड्रायव्हरकाका पत्र दुकानात देतील.

मी नऊ वर्षांची असताना इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन देण्याआधी तुम्ही तासभर टाचण्यांच्या उशीवर सराव केला होतात. तेव्हापासून मी तुमची टाचणी. घरातली पहिली पदवी मी घेतली, तरी नोकरीसाठी सोडलंत ते एका अटीवर. रोज दुकान बंद व्हायच्या आत साखरेचा आकडा फोनवर हवा, आणि तो बिघडला की बाडबिस्तरा गुंडाळून घरी. आई सांगते, तुम्ही तो शिलाई मशीनमागच्या भिंतीवर खडूने लिहिता. हे कुणाचं माप, असं गिऱ्हाइकाने विचारलं की म्हणता, माझ्या टाचणीचं.

इथे लॅबमध्ये नळीवरची चिठ्ठी तिरकी लागली तरी मी काढून पुन्हा लावते. सगळे चिडवतात, ही एकटीच जग सुधारणार. पण तीन महिन्यांपूर्वी एका आजींचं रक्त घेताना माझाच हात थरथरायला लागला, घाम फुटला. साखर उतरली होती. आजीच म्हणाल्या, आधी तू बस गं पोरी. सुई बाजूला ठेवली, खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग पोळी खाल्ली. सगळं शिकवल्याप्रमाणे केलं आणि सावरले. भीती मात्र गेली नाही. सुई त्यांच्या दंडात असती तर?

दुसऱ्या दिवसापासून मी इन्सुलिन थोडं कमी घ्यायला लागले. डॉक्टरांना न विचारता. साखर चढलेली असली की हात स्थिर राहतो, एवढंच मला दिसत होतं. सततची तहान, गळून जाणं, सैल झालेले कपडे, सगळं कामाच्या दगदगीवर ढकललं. तुम्हाला एकशे अठरा, एकशे सव्वीस असं कळवत राहिले. एकदा एकशे एक्केचाळीस लिहिलं, खरं वाटावं म्हणून.

आज तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी मी स्वतःवरच केली. नळीवर फक्त नंबर टाकला होता. साडेअकरा टक्के आले, जिथे सातच्या आसपास हवेत. मोठ्या मॅडमनी कागद उचलला आणि म्हणाल्या, कोण आहे हा पेशंट, जिवाशी खेळतोय, आजच घरी कळव. आमच्याकडे नियमच आहे तसा, आणि कळवायचं काम माझ्याकडे. मॅडम, मीच ती, एवढं कसंबसं बोलले. त्या रागावल्या नाहीत, हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डोस पुन्हा नीट लावून मिळालाय. साखर पुन्हा उतरली तर काय करायचं, हे शेजारच्या टेबलावरच्या दोघींनाही सांगून ठेवलंय.

म्हणजे बाबा, मी एका पेशंटच्या घरी कळवतेय. भिंत ओल्या फडक्याने पुसून काढा. संध्याकाळी फोनवर आलेला दोनशे अठ्ठ्याहत्तर चुकून पडला असं समजून तुम्ही लिहिला नसणार. तो लिहा. उद्याचा कदाचित कमी असेल, कदाचित नसेल, पण मोजलेला असेल. न्यायला यायचं तर या, मी अडवणार नाही. फक्त त्याआधी आठवडाभर भिंत बघा.

तुमचीच,
टाचणी