वरच्या खोलीतला संगणक

प्रिय छोट्या,

पाकीट हातात पडलं की तुला वाटेल, ताईला झालंय काय, फोन सोडून कागद-पेन घेऊन बसली! फोन करून पाहिला रे मी. बाबांचा विषय निघाला की तुझ्याकडची रेंज बरोब्बर जाते आणि राउटरचा विषय काढला की ती परत येते. कागदाला रेंज लागत नाही, म्हणून हा उद्योग. शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून घडी घालून खिशात टाकशील आणि शर्टाबरोबर धुऊन काढशील, तुझी सवय मला माहीत आहे.

त्या झटक्याने बाबांची वाचा गेली ती गेलीच. उजवा हात नुसता शरीराला आहे म्हणून आहे. डावा तेवढा चालायचा. त्याच हाताने चमचा धरायचे आणि त्याच हाताने माउस. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, "आता फार ओढून-ताणून काही करू नका. त्यांना हवं ते करू द्या, दिवस थोडे आहेत." त्यांना हवं ते म्हणजे काय, हे या घरात मला एकटीलाच कळत होतं. त्यांना तुझ्याशी बुद्धिबळाचा एक डाव हवा होता. तसाच, पूर्वीसारखा, ते खाली आणि तू वर.

मी इथे राहायला आले तेव्हापासून बघत होते. संध्याकाळी चहा झाला की भिंतीला धरत-धरत मागच्या खोलीत जायचे. कारखान्यातल्या लेथ मशीनवरून निवृत्त झाल्यावर अवजारांच्या कपाटाशेजारी मांडलेला तोच जुना संगणक. तो सुरू करायचे, पट उघडायचे, वरच्या खोलीला आमंत्रण पाठवायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचे. बऱ्याच वेळाने पडद्यावर यायचं, 'समोरचा संगणक सापडला नाही.' मग पुन्हा आमंत्रण. पहिल्यांदा मला वाटलं, भ्रम झालाय, तू घर सोडून गेलास हेच विसरलेत. संध्याकाळचं त्यांचं जरा गोंधळायचंही. पण मी तसं बोलले तर रागाने छताकडे बोट दाखवलं. खरंच की, माणूस गेला तरी तुझा संगणक वर होताच, उशीच्या जुन्या अभ्र्याखाली झाकलेला.

त्या वायरींचं आठवतंय ना तुला? मला तर काल घडल्यासारखं आठवतं. त्यांनी फोरमनच्या हातापाया पडून तुला कारखान्यात लावलं आणि तू वर्षाच्या आत राजीनामा तोंडावर मारून आलास. तेव्हापासून बोलणं बंद. बरं, भांडलात तर धड भांडायचं, तेही नाही. एकाच्या पायाचा आवाज आला की दुसरा खोली बदलायचा. आईला त्याचा किती त्रास व्हायचा हे तुम्हा दोघांनाही कधी दिसलं नाही. आणि अशात तुम्हाला हुक्की आली बुद्धिबळाची! समोरासमोर बसायचं नाही, म्हणून दोन संगणक वायरीने जोडायचे. वायफाय त्या स्लॅबमधून वर जाईना, म्हणून स्लॅबला भोक पाडायचं ठरलं. ड्रिलची सळई आखूड, तेव्हा अर्धं बाबांनी खालून पाडायचं आणि अर्धं तू वरून. एकमेकांशी बोलायचं नाही, म्हणून मापं सांगायला मी. "भिंतीपासून दोन हात," असं मी वर येऊन सांगितलं, आणि कुठल्या भिंतीपासून ते ना त्यांनी सांगितलं, ना तू विचारलंस. ते जिन्याच्या भिंतीपासून मोजत होते, तू खिडकीच्या. दोघं अंगभर सिमेंट घेऊन घामाघूम झालात आणि भोकं काही भेटली नाहीत. आई आणि मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसलो होतो. शेवटी वायर खिडकीतून बाहेर काढून भिंतीवरून वर नेलीत. ती दोन अर्धी भोकं अजून तशीच आहेत, एक छताला आणि एक फरशीला.

पण त्या वायरीवर तुम्ही वर्षानुवर्षं खेळलात, हेही खरं. आई गेली त्या महिन्यातसुद्धा खेळलात. मी माहेरी आले की मला कधी राग यायचा आणि कधी बरंही वाटायचं, की निदान एवढं तरी चालू आहे. बाबा पांढरी घ्यायचे आणि तू उत्तरादाखल कोपऱ्यातलं प्यादं पुढे ढकलायचास. ती चाल शहाणा माणूस करत नाही. तू त्यांना चिडवायला करायचास आणि ते खालून कपाटावर पान्हा आपटायचे. तो आवाज वर ऐकू आला की तू गालातल्या गालात हसायचास. मग तू गेलास, दुसऱ्या गावातली मोठमोठी ऑफिसं जोडायला. जाताना जिन्यावरून खाली उतरलास आणि मागच्या खोलीच्या दाराशी थांबलाससुद्धा नाहीस.

असो. तर तुझा संगणक मी सुरू करून ठेवला तरी तो सापडत का नाही, याचा शोध मी लावायला घेतला. मी, जिला साधा फ्यूज बदलता येत नाही! इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्याने मोबाइल उघडून बघितला आणि म्हणाला, "ताई, नेट चालू आहे ना? मग झालं." मी म्हटलं, "बाबा रे, मला जगाशी बोलायचं नाहीये, वरच्या खोलीला खालच्या खोलीशी बोलायचंय." तो माझ्याकडे बघतच राहिला आणि निघून गेला. मग तुला फोन केला. आणि काय सांगू छोट्या, इतका मन लावून तू माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हतास. मी राहायला आले तेव्हा भाषांतराच्या कामासाठी वर जे नवं राउटर बसवून घेतलं, ते सगळ्याचं मूळ, हे तू लगेच ओळखलंस. घरात दोन राउटर म्हणजे दोन पत्ते वाटणारे, खालच्याने दिलेले पत्ते एका वस्तीचे आणि वरच्याने दिलेले दुसऱ्या वस्तीचे. वरून खाली जाता येतं, पण खालून कुणी आलं तर वरचं राउटर दार उघडत नाही. बाबांची आमंत्रणं त्या दारावर थडकून परत येत होती. त्यासाठी जिन्याखालच्या स्विचमधून, म्हणजे सगळ्या वायरी जोडायच्या त्या डबीतून, येणारी वायर वरच्या राउटरच्या निळ्या भोकातून काढून पिवळ्यात घालायची, त्याचं पत्ते वाटणं बंद करायचं आणि तुझ्या संगणकाला त्याचा जुनाच पत्ता द्यायचा, कारण बाबांच्या खेळात तोच लिहिलेला आहे. सगळं अगदी पहिलीच्या मुलीला सांगावं तसं सांगितलंस. खिडकीतून वर नेलेली ती निळी वायर अजून शाबूत आहे का, हेसुद्धा विचारलंस. बाबा कसे आहेत, हे तेवढं विचारलं नाहीस. मी आपणहून सांगायला लागले आणि तुझी रेंज गेली.

मी केलेला गोंधळ तुला अजून सांगितलेला नाही. जिन्याखाली स्विचपाशी एका वायरीचं टोक मोकळं लोंबकळत होतं आणि शेजारी एक भोक रिकामं होतं. मला वाटलं, हेच राहिलंय वाटतं, दिलं घालून. त्या वायरीचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये आधीच घातलेलं होतं, ते मी पाहिलंच नाही. सगळे हिरवे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकायला लागले आणि घरातलं जे चालू होतं तेही बंद पडलं. मी डोक्याला हात लावून बसले. तर बाबा हळूहळू सरकत आले, जिन्याखाली बघितलं आणि डाव्या हाताने ते टोक उपसून माझ्या मांडीवर टाकलं. त्या दिवशी आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. आवाज नाही आला, पण खांदे हलत होते.

त्यानंतर जमलं. आमंत्रण वर पोचलं. घंटीसारखा तो आवाज झाला तेव्हा मी एकटीच वर होते, आणि तुझ्या खुर्चीत बसले. वाटलं, एवढी खटपट केलीय तर खेळते की मी, त्यांना काय कळणार. त्यांनी मधलं प्यादं पुढे केलं, मीही शहाण्यासारखं मधलंच प्यादं पुढे केलं. लगेच पट बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा आमंत्रण, पुन्हा त्यांची चाल, पुन्हा माझं उत्तर, पुन्हा पट बंद. घोडा काढून बघितला, तरी तेच. कोण बसलंय हे ते पहिल्याच चालीत ताडायचे आणि मी त्यांना चालत नव्हते. खोटं कशाला बोलू, मला लागलं ते. अंथरूण मी काढते, अंघोळ मी घालते, भरवते मी, आणि डाव मात्र तुझ्याशीच हवा. त्या दिवशी जेवताना मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. नंतर लक्षात आलं की हे घराणंच असलं आहे.

मग एका संध्याकाळी माझी मती फिरली म्हण, की दया आली म्हण. त्यांची चाल आली आणि मी कोपऱ्यातलं प्यादं ढकललं. तुझं प्यादं. पट बंद झाला नाही. खालून पान्ह्याचा आवाज येईल म्हणून मी कान टवकारले, तोही आला नाही. पटाखाली ती निरोपाची ओळ असते ना, जिच्यात तुम्ही दोघांनी कधी एक शब्द लिहिला नव्हता, तिच्यात एकेक अक्षर उमटायला लागलं. एक अक्षर, मग खोडलेलं, मग पुन्हा तेच. डाव्या हाताच्या एका बोटाने शोधून-शोधून लिहीत होते. काना-मात्रा कुठेच्या कुठे गेल्या होत्या, पण वाचता आलं. 'वर उकडत नाही ना?'

एवढंच. इतक्या वर्षांनी तुझा बाप तुझ्याशी बोलला आणि ते वाचायला तुझ्या खुर्चीत मी बसले होते. दुसऱ्याच्या घरात घुसून त्याच्या ताटावर बसावं तसं झालं मला. उत्तर काय देणार? 'नाही' लिहिलं असतं तर ते तुझं म्हणून वाचलं असतं त्यांनी, आणि ते खोटं मला पेलवलं नसतं. मी उठले आणि काय ते स्पष्ट सांगावं म्हणून खाली गेले. ते पडद्याकडे टक लावून बसले होते. माझी चाहूल लागली तशी मान वळवली, मला बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे बघितलं. मला काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी स्वतःच बटण दाबून संगणक बंद केला आणि त्यानंतर त्या खोलीत गेले नाहीत. तू मला दोष देशील तर दे. पण मी जे केलं ते तुझ्या रिकाम्या खुर्चीत बसून केलं, हे विसरू नकोस.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. परवा सकाळी त्यांना दुसरा झटका आला. डावा हातही गेला. म्हणजे वायरी सगळ्या जागच्या जागी आहेत, वरचं खालचं सगळं एकमेकांना दिसतंय आणि आता त्याचा कुणाला काही उपयोग नाही. मला ठाऊक आहे, हे वाचून तू म्हणशील, ताई, तिथे एक कॅमेरा बसवून देतो, इथून बघत जाईन, बोलत जाईन. बसवू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणतात, ऐकू त्यांना सगळं येतं, आणि तेही फार दिवस येणार नाही. त्यांनी तुला काहीतरी विचारलंय छोट्या, आणि त्याचं उत्तर मी देणार नाही, फोनही त्यांच्या कानाला लावणार नाही. तू ये. दार ढकल, पलंगावर त्यांच्या शेजारी बस, आणि वर उकडतं की नाही ते तुझ्या तोंडाने त्यांच्या कानात सांग.

वाट बघतेय. बाबाही.

तुझीच,
ताई