त्यांच्या यादीत प्रॉसर एकच होता

प्रिय गॅरेथ,

मराठीत लिहिते आहे. तुला वाचता येत नाही हे माहीत आहे. पंधरा वर्षांच्या संसारात तुझी मजल ‘काय चाललंय’ आणि ‘चहा ठेव’ यापुढे गेली नाही. पण तू गेल्यापासून दीड वर्ष डॉक्टरांशी, शाळेशी, इन्शुरन्सवाल्यांशी इंग्रजीत बोलून मी धीट असल्याचं सोंग केलंय. घाबरायला मला माझीच भाषा लागते. आणि मी फार घाबरले आहे रे.

परवा, गुरुवारी, आपल्या इराच्या हृदयाची तपासणी आहे. तुझं हृदय ज्या दुखण्याने अचानक थांबलं, ते बापाकडून मुलांत उतरू शकतं म्हणे. हे कळल्यापासून तिचं बास्केटबॉल बंद आहे. आत्ता ती जिममध्ये बाकावर बसून मैत्रिणींचा स्कोअर लिहिते आहे आणि मी बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून हे लिहिते आहे. तेरा वर्षांची पोर जिना चढली तरी मी तिच्या श्वासाकडे कान लावते.

ही तपासणी खरं तर मागच्या महिन्यातच व्हायची होती. सात महिने वाट पाहिली, तारखेचं पत्र येईना, म्हणून काल फोन केला. पलीकडच्या बाईंनी नाव टाइप केलं, थांबल्या, आवाज एकदम हळू केला आणि सांगितलं की पेशंट वारल्याची नोंद आहे, म्हणून अपॉइंटमेंट कॅन्सल झाली. फोन स्पीकरवर होता. इरा समोर सीरियल खात होती.

“आई, व्हाय डज शी थिंक आय ॲम डेड?”

मी बाईंना नाव पुन्हा तपासायला सांगितलं.

चूक माझीच निघाली. म्हणजे माझी आणि माझ्या रीतीची. इराच्या जन्माच्या वेळी मिडल नेमच्या रकान्यात मी बिनदिक्कत बापाचं नाव लिहिलं होतं: इरा गॅरेथ प्रॉसर. मुलीला गॅरेथ? तू आधी हसलास. मग म्हणालास, आमचे पूर्वज तरी काय करत होते? वेल्समध्ये ‘ॲप’ म्हणजे मुलगा. ॲप रॉसर, रॉसरचा मुलगा, म्हणता म्हणता प्रॉसर झालं. आम्ही त्या एका बापापाशी अडकलो, तुम्ही दर पिढीला नवा लावता! किती खूश झाला होतास तू.

आता क्लिनिकमध्ये कुणीतरी त्यातलं ‘गॅरेथ प्रॉसर’ तेवढं वाचलं. पत्ता तोच. तिची फाइल तुझ्या फाइलला जोडून टाकली. जोन्ससारखं सर्रास नाव असतं तर आम्ही तीनदा जन्मतारीख विचारली असती, असं त्या बाईच म्हणाल्या. प्रॉसर आमच्याकडे एकच होता, म्हणाल्या.

एकच! तुझे आजोबा सांगायचे ना, त्यांच्या वेल्समधल्या गावात प्रॉसर इतके, की दूधवाला प्रॉसर, बेकरीवाला प्रॉसर असं म्हटल्याशिवाय माणूस सापडत नसे? आपल्या लग्नात माझ्या बाबांना ते ऐकून कोण आनंद झाला होता. आमच्याकडच्या देशमुखांचंही असंच, म्हणाले. इकडे, विंडसरच्या जुन्या फोन बुकातही तुमच्या नावांचा लांबलचक रकाना होता म्हणायचास. मग मुली लग्न करून नावं बदलून गेल्या, मुलगे पांगले, आणि तू आपला ऐटीत सांगायचास, आम्ही आता दुर्मीळ झालो.

ती ऐट आता माझ्या अंगावर आली आहे. डॉक्टर विचारतात, घरात आणखी कोण तरुणपणी गेलं? मी कुणाला विचारू? नावं फोन बुकातून गेली, पण रक्त कुठे गेलं? शेवटी तुझ्या विंडसरच्या आत्याला फोन केला. पन्नास वर्षं तिचं आडनाव वेगळंच आहे. तिचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी तलावात बुडाला होता, हे मला ठाऊक होतं. ती म्हणाली, “ही वॉज सच अ गुड स्विमर, डिअर.” तो बुडाला कसा, ते त्यांना कधी कळलंच नाही. म्हणजे पाण्यात त्याचंही हृदयच थांबलं असेल का?

आणि तू? त्या शेवटच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना मध्येच खाली बसलास. मी धावत आले, तर बूट घसरला म्हणालास. घसरला होता का खरंच? मला का नाही सांगितलंस? त्याचा राग अजून गेलेला नाही, गॅरेथ.

फाइल सुटी झाली आहे. बाईंनी खूप माफी मागितली आणि घाईने गुरुवार दिला. मधलं नाव काढून टाकायचं का, म्हणजे पुन्हा घोटाळा नको, असंही विचारलं. मी हो म्हणणार होते. खरंच सांगते, त्या क्षणी मला तुझं नाव तिच्या जवळपासही नको होतं. इराच म्हणाली, “लीव्ह इट.” मग राहू दिलं.

तिला तुझं नाव मिळालं, आडनाव मिळालं, कपाळही तुझंच आहे. तेवढ्यावर थांब रे. आणखी काही देऊ नकोस तिला.

गुरुवारी मी तिच्या शेजारी उभी असेन. पडद्यावर काहीही दिसो, मी ते तिच्यासमोरच विचारीन आणि जे कळेल ते तिच्यापासून लपवणार नाही, हे तुला वचन. भ्यायचंच असेल तर आम्ही दोघी मिळून भिऊ. तिला एकटीला भिऊ देणार नाही.

तुझी,
वैदेही