दुसऱ्या रकान्यातलं नाव

प्रिय भोंग्या,

आज सकाळपासून कानात आपला वर्ग भरलाय. बाई म्हणायच्या, “म्हणा”, आणि पन्नास पोरं एका सुरात कविता म्हणायची. तू मात्र प्रत्येक कडव्यात सगळ्यांच्या एक शब्द पुढे. बाई पट्टी आपटायच्या, तर तुझा आवाज पट्टीच्याही वर. त्याच आवाजाच्या जोरावर आपण पुढे दुकान मांडलं, अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करण्याचं. तू काचेच्या आत वाचायचास, मी बाहेर बटणं सांभाळायचो, आणि एखाद्या ओळीवर जीव जडला की बटण दाबायचंच विसरायचो. मग काचेतून तुझे नुसते हातवारे दिसायचे. शिव्या मला ऐकू यायच्या नाहीत, हे माझं नशीब.

दुकान चालू आहे, बरं का. माझी धाकटी चालवते. आता टेपा नाहीत. सगळे आवाज सर्व्हर नावाच्या दोन मशीनमध्ये असतात आणि लोक घरबसल्या फोनवर ऐकतात. गेल्या महिन्यात आपल्या मागच्या खोलीत ही मशीनं तापून तीन दिवस बंद पडली. फोनवर फोन आले. एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाई म्हणाल्या, ते वाचणारे गृहस्थ अकराव्या प्रकरणात थांबलेत, बरे आहेत ना? मी म्हणालो, हो, मजेत. खरं तर मला तरी कुठे माहीत होतं?

धाकटी म्हणाली, पुन्हा असं झालं तर ऐकणारे उठून जातील आणि आपण टाळं लावू. म्हणून मशीनं बाहेर ठेवायची ठरली. मशीन आपलं, जागा, वीज, थंडावा आणि पहारा दुसऱ्याचा. याला कोलोकेशन म्हणतात. मला आपलं मुलीला वसतिगृहात ठेवल्यासारखं वाटत होतं, म्हणून जागा पाहायला मीही निघालो.

पहिली जागा गावाबाहेर, नुसती काचच काच. टायवाल्या मुलाने कॉफी पाजली, भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवली. धाकटीने सरळ विचारलं, मेन वीज आत्ता बंद करून दाखवता? तो हसला आणि पुन्हा प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं. शिवाय आपलंच मशीन पाहायचं, तर दोन दिवस आधी अर्ज. धाकटी कॉफी अर्धी ठेवून उठली.

दुसरी जागा आपल्यापासून चार गल्ल्यांवर, दिसायला गोदाम. तिथल्या देखरेखीच्या बाई चष्मा डोक्यावर चढवून आल्या. धाकटीने तोच प्रश्न टाकला. बाईंनी एक फोन केला, म्हणाल्या, “कानावर हात ठेवा आजोबा,” आणि मोठा खटका खाली ओढला. अरे, काय सांगू तुला! सगळे दिवे गेले. काळ्याकुट्ट अंधारात मशीनांवरचे शेकडो हिरवे ठिपके तसेच लुकलुकत राहिले, एकही विझला नाही, आणि मग मागे जनरेटर असा घुमला की माझ्या छातीत ढोल वाजला. मी टाळ्या वाजवल्या. धाकटीला लाज वाटली, पण बाई खूश झाल्या. जागा तिथेच पक्की झाली.

मग अर्ज आला. मशीनपर्यंत जायची परवानगी दोघांनाच, अंगठ्याच्या ठशावर. पहिल्या रकान्यात धाकटीने स्वतःचं नाव लिहिलं आणि दुसरा भरायला अर्ज माझ्याकडे सरकवला. मी त्या हिरव्या ठिपक्यांच्याच तंद्रीत होतो, भरून टाकलं. तिने वाचलं. माझं नव्हतं, तुझं होतं. म्हणाली, “बाबा, पुन्हा काकांना न विचारता?”

भोंग्या, वर्मावर बोट ठेवलं पोरीने. नऊ वर्षांपूर्वी तुझी टेप-यंत्रं मी अशीच न विचारता भंगारात दिली. नवं येतंय या आनंदात. तू रिकाम्या टेबलावरून नुसता हात फिरवलास, आणि जिना उतरलास तो उतरलासच. मी मात्र आजवर सगळ्यांना सांगत आलो की तू तापट आहेस. त्या मशीनमध्ये निम्मा आवाज तुझा आहे, तेव्हा त्यांच्यापुढे उभं राहायचा हक्क तुझा, हे खरंच. पण ते ठरवणारा मी कोण? अर्ज शनिवारी द्यायचाय. नाव खोडलेलं नाही, अर्ज दिलेलाही नाही. हे पत्र फक्त विचारण्यासाठी लिहितोय, आणि जे तेव्हा

थांब, बेल वाजली.

दारात वहिनी! धाप लागलेली. धाकटीने काल तुमच्याकडे फोन केला म्हणे, आणि तू खाली फाटकाशी उभा आहेस. विचारल्याशिवाय एक पायरी चढणार नाही म्हणतोस. वहिनींना पाणी दिलं, चप्पल एकच सापडतेय, आणि उभ्यानेच एवढं लिहितोय. कागद हातात घेऊन खाली येतोय. हलू नकोस, समोर उभा राहून विचारतो.

तुझाच, अजूनही बटण विसरणारा,
कवडा