अठरा दात

बाबा, मी सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. ओटीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून त्यावर दोन जाड टायर, चेन, क्रँक आणि मागच्या चाकाचं दातेरी फ्रीव्हील मांडून ठेवलंय. पन्नाशी उलटलेली बाई सायकल जोडायला बसलीये म्हणून शेजारच्या बायका दारातून डोकावून हसून जातात. हसू देत. गुडघ्यांना चालण्यापेक्षा सायकल बरी असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तयार सायकल आणायची तर मग तुमची मुलगी होऊन काय उपयोग? पण फ्रीव्हील हातात घेतलं की तुम्ही आठवता. तुम्ही आठवलात की मी उगाच उठते, तहान नसताना पाणी पिते, झाडलेलं अंगण पुन्हा झाडते. असं करत दुपार झाली. म्हटलं, आधी हे लिहून टाकू, म्हणजे हात तरी चालेल.

अजून डोळ्यासमोर आहे. मी पंधरा वर्षांची आहे. शाळेला सुट्टी, म्हणून तुमचा डबा घेऊन खारबावहून टेमघरला यंत्रमागाच्या शेडवर आलेय. आत चोवीस लूम एकदम खडखडतायत, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, आणि हवेत कापसाची पूड अशी की माझ्या वेणीवर पांढरं साचतंय. तुम्ही जॉबर, म्हणजे बंद पडलेली लूम चालू करणारे. एका लूमचं छोटं दातेरी चाक तुम्ही काढून माझ्या हातात देता. त्याला किती दात, यावर कापड दाट विणलं जाणार की विरळ ते ठरतं, हे मला ठाऊक आहे. मी ऐटीत चाकावरचा आकडा वाचून दाखवते. तुम्ही माझ्या कानाशी येऊन ओरडता, "आकडा कोनी इचारला तुला? दात मोज!" मी मोजते, चुकते. पुन्हा मोजते, पुन्हा चुकते. चार कारागीर काम सोडून बघायला उभे राहिलेत. तिसऱ्या वेळी तुम्ही चाक हिसकावून घेता, पिशवीतून नेलपॉलिशची बाटली काढता, एका दाताच्या मुळाशी लाल टिपका लावता आणि म्हणता, "हितून सुरू कर, हितंच ये. टिपका नसला तर मानूस फिरतच राहतो." मला रडू फुटतं, ते मोजण्यामुळे नाही. बाटली माझी होती. आठवडाभर घरभर शोधत होते.

घरी येऊन मी जो तमाशा केला, तो आईने पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना रंगवून सांगितला. साधा रंग रॉकेलने निघून जातो, हा निघत नाही, एवढंच तुमचं म्हणणं. शेडमध्ये तुम्हाला "नाखून रंगनेवाला जॉबर" म्हणायचे, त्याचं तुम्हाला काहीच वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आरशाच्या फळीवर त्याच रंगाची नवी बाटली होती. त्यानंतर तुम्ही मला कधीही रागावला नाहीत. मला तेव्हा वाटलं, मी जिंकले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुमचा दमा वाढला. तेव्हा मी कशेळीला एका गोदामात कारकून होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की छातीत कापूस बसलाय, शेड सोडा. मी रोज स्वयंपाकघरात तुमच्या ताटासमोर बसून तेच सांगायचे. माझा पगार येतो, धाकट्या भावाचंही शिक्षण संपत आलंय, आता घरी बसा. तुम्ही भाकरी मोडत म्हणायचात, "घरी बसून काय करू? भिंती मोजू?" आई म्हणायची, "तिचं आयका. रातभर खोकता, जीव घाबरतो माजा." तुम्ही ऐकत नव्हतात. उलट एक दिवस सायकलकडे बोट करून म्हणालात, "माजी गाडी चिखलात रुतते. खड्ड्यात बसली का छातीत कळ येते. तू मला जाड टायरची गाडी बांधून दे."

म्हणजे शेडवर जायला सोपं व्हावं म्हणून मीच गाडी बांधायची! दोन दिवस मी भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून नव्या फॅशनच्या सायकलीची फ्रेम उचलून आणली, कारण तुमच्या काळ्या सायकलच्या चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांत, जाड टायर मावत नव्हता. अठ्ठावीस इंची रिमा गेल्या, सव्वीसच्या आल्या. मी हौसेने दोन इंचांहून जाड टायर आणले, तर मागचा टायर मडगार्डला घासायला लागला. तुम्ही टायर आणि फ्रेममध्ये अंगठा घालून पाहिलात आणि म्हणालात, "अंगठा अडकला म्हंजे चिखल पन अडकंल." मग पावणेदोन इंची आणले, आणि अंगठा सुटसुटीत फिरला. तुम्ही पाटावर बसून चहा पीत होतात आणि मी तुमच्यासमोर पाने-पक्कड चालवत होते. खरं सांगते, त्या दोन रविवारी मी शेड, डॉक्टर, सगळं विसरले होते.

तुम्ही एकच गोष्ट बजावलीत. जाड टायर ओढायला जड, तेव्हा मागे बावीस दातांचं फ्रीव्हील टाक, पायाला हलकं जाईल. मी बावीस आणलं, टिपका लावून मोजलं, बरोबर बावीस. पण चेन चढवली तर ती दातांच्या टोकावरच बसून राहिली, आणि पॅडल मारलं की निसटायची. अर्धा दिवस मी चेनलाच शिव्या दिल्या. तेव्हा कुठे उजेड पडला. भंगारातल्या क्रँकचे, म्हणजे पॅडलकडच्या चाकाचे, दात पातळ, म्हणून मी चेनही अरुंद आणली होती, आणि हे फ्रीव्हील जुन्या काळ्या सायकलचं, जाड दातांचं. तुम्ही मला दात मोजायला शिकवलं होतंत. दाताची जाडी बघायची असते हे लूमच्या चाकांनी कधी शिकवलंच नाही. दुकानात पातळ दातांचं फ्रीव्हील मिळालं, ते फक्त अठराचं, म्हणजे पायाला जड. मी ते बसवलं. तुम्ही शेडवरून आलात, चाक उचलून फिरवून पाहिलंत आणि विचारलंत, "बावीस ना?"

"बावीसच," मी म्हणाले.

तुम्ही गाडी काढून गल्लीत एक फेरी मारून आलात. "गादीवर बसल्यावानी वाटतं," म्हणालात. आईने ओवाळलं. त्यानंतर तुम्ही रोज त्याच गाडीवर जायला लागलात, आणि रोज संध्याकाळी विचारलं की म्हणायचात, गाडी मस्त. महिन्याभराने तुमच्या शेडचा एक म्हातारा कारागीर बाजारात भेटला. म्हणाला, "बेटी, तेरे बाबा चढान पे रोज उतर के पैदल चलते हैं. बीच में दो बार बैठते हैं." मी त्याच्यावरच खेकसले. मग एका सकाळी एसटीच्या खिडकीतून मी स्वतः पाहिलं. भिवंडीच्या अलीकडचा तो चढ, तुम्ही हँडलवर ओणवे, एक हात सीटवर, तोंड उघडं. एसटी पुढे गेली. मी उतरले नाही. पुढचे तीन महिने दर रविवारी ठरवायचे, आज फ्रीव्हील बदलू, आणि दर रविवारी काहीतरी दुसरं काम काढायचे. पाचव्या महिन्यात तुम्ही दवाखान्यात गेलात ते परत आला नाहीत. डॉक्टर म्हणाले, दमा जुना होता, सायकलचा काही संबंध नाही. आईला ते पटलं.

तेराव्यानंतर मी मागचं चाक काढलं. कुणाला तरी गाडी द्यायची म्हणून फ्रीव्हील रॉकेलच्या ताटलीत बुडवून ब्रशने घासलं. पाच महिन्यांचं काळं वंगण सुटलं, आणि त्याच्या खाली, कोऱ्या धातूवर, एका दाताच्या मुळाशी लाल टिपका होता. माझा नव्हता. मी बावीसवर टिपका लावला होता, अठरावर नव्हता. वंगणाच्या खाली होता, म्हणजे पहिल्या एकदोन दिवसांतलाच. तुम्ही मोजलं होतंत, बाबा. पहिल्यापासून तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही रोज संध्याकाळी गाडी मस्त म्हणत होतात. गाडी मी कुणाला दिली नाही. आज जोडतेय ती तीच फ्रेम आहे.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की दुकानात दुसरं मिळालं नाही, घाई झाली, सुटे भाग जुळले नाहीत. भाग जुळले नाहीत हे खरं. पण दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाऊन जुळणारे आणता आले असते, आणि मला सुट्टीही होती. मी गेले नाही. मला वाटलं, गाडी जड लागू दे, चढावर बाबांना दमू दे, चार दिवसांत कंटाळून शेड सोडतील. डॉक्टरांनी, आईने, मी सांगून जे झालं नाही, ते चार दात करतील. तुम्ही मोजल्यावर हेही ओळखलं असेल, आणि म्हणूनच बोलला नसाल. दोघंही हट्टी. तुम्ही चढ चालत राहिलात, मी एसटीत बसून राहिले.

आज समोर पातळ दातांचं बावीस आहे. हल्ली सहज मिळतं. नव्या बाटलीतून टिपका लावून दोनदा मोजलं, एकदा या बाजूने, एकदा उलट. हा कागद आता घडी करून तुमच्या पान्यांच्या पिशवीत टाकते, तुमच्या त्या वाळून गेलेल्या नेलपॉलिशच्या बाटलीशेजारी. मला राहून राहून वाटतं की तुम्ही त्या पहिल्या संध्याकाळीच ओरडायला हवं होतंत, "दात मोज!" म्हणून. मी लगेच बदललं असतं, असं आईला मी कितीतरी वेळा म्हणाले. तुम्हाला खरं सांगते, मी तेव्हाही अठरा मोजून बावीसच सांगितलं असतं.