फळी अर्धी घ्यायची होती

अण्णा, परवा रविवारी मी भाट्याच्या खाडीत शिडाची होडी नेली होती. पंचेचाळिशीत पुन्हा शिकायला लागले आहे, आणि शिकवणारी मुलगी माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचा पट्टा आला तशी तिने सांगायच्या आधीच मी दोरी ओढून होडीच्या पोटातली फळी अर्धी वर घेतली. पूर्ण खाली असली तर ती वाळूत रुतते. पूर्ण वर घेतली तर होडीची पाण्यावरची पकड सुटते आणि वारा तिला आडवी ढकलत नेतो. "हे कुणी शिकवलं?" तिने विचारलं. वडिलांनी, म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं, तर कुळीथ निवडता निवडता ती म्हणाली, "म्हणजे भीती गेली तुझी. त्या दिवशी तू घाबरलीस ते त्यांना फार लागलं होतं."

मला वाटलं होतं, तो दिवस तुम्ही विसरला असाल. माझी बारावी झाली होती. सकाळी चहाच्या वेळी तुम्ही सांगितलंत, पुण्याला जायचं नाही, इथलं कॉलेज काय वाईट आहे. दुपारी आपण नेहमीसारखे होडीत. तुम्ही सुकाणूवर, मी फळीच्या दोरीशी. पट्टा जवळ येतो. "अर्धी घे," तुम्ही म्हणता. मी दोरी ओढते, फळी पूर्ण वर येते. "अर्धी म्हटलं ना, कान कुठे आहेत तुझे?" तुमचा असा आवाज मी वर्गाबाहेर कधी ऐकलेला नाही. होडी आडवी सरकत मागे जाते आणि खुंटांवर लावलेल्या जाळ्यात शिरते. जाळ्याचे मालक चाचा आपली होडी वल्हवत येतात.

"काय मास्तर, पोरांना नकाशे शिकवता नि तुम्हाला खाडी गावत नाय?"

"फळी मी वर घेतली. चूक माझी," तुम्ही सांगता.

"मग या उद्या विणायला."

ज्याच्या हातून जाळं फाटलं त्याने मालकाच्या अंगणात बसून ते सांधून द्यायचं, ही त्यांची रीत. तीन संध्याकाळी तुम्ही सुई घेऊन बसलात आणि मी जाळं ताणून धरलं. "मास्तर, ही गाठ हाय की जिलबी?" चाचा म्हणायचे, तुम्ही मुकाट्याने उसवून पुन्हा घालायचात. त्यानंतर मला होडीत यायला कधी म्हणाला नाहीत. जूनमध्ये मात्र पुण्याच्या गाडीत स्वतः बसवून दिलंत. बेत का बदलला, हे मी विचारलं नाही.

ते आईने परवा सांगितलं. "म्हणायचे, मी ओरडलो आणि पोर भेदरली. इथे राहिली तर माझ्या धाकातच राहील. जाऊ दे तिला."

अण्णा, मी भेदरले नव्हते. तुम्ही अर्धी म्हणालात ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं. सकाळचा राग होता, आणि एकदा तरी तुमचं काहीतरी बिघडावं, असं वाटलं होतं. ते तीन संध्याकाळी तुमच्यासमोर बसून सांगता आलं नाही, नंतर तुम्ही होतात तोवरही नाही. परवा आईलाही एवढंच म्हटलं, "हो, गेली भीती." हा कागद तिच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवते आहे.