तुला हाक मारायची ओळ

माय, तुझ्या जिभेला हाड नव्हतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, मी बोलणार आहे. सोसायटीच्या डेअरीत दूध तू घ्यायचीस. बायका रांगेत उभ्या, आणि तू एकेका किटलीत नाक घालणार, चमचाभर दूध स्टोव्हवर उकळून फाटतंय का बघणार, मगच पाणी पकडणारा लॅक्टोमीटर सोडणार. एका दुष्काळात घरचं दूध मी घेऊन आले. वाटेत सांडलं म्हणून तुझ्या भीतीनं तांब्याभर पाणी घातलं होतं. तू किटली माझ्या पायांवर उपडी केलीस. "हे दूध न्हाई, भांडी खंगाळल्यालं पाणी हाय! बापाच्या आडातच न्हाई, तर पोहऱ्यात कुठून येणार?" सगळी रांग हसली. मी नऊ वर्षांची होते गं.

आता मी प्रोग्राम लिहिते. पुन्हा पावसानं दडी मारली त्या साली आपल्याच सोसायटीनं दूध घ्यायचा प्रोग्राम मला लिहायला सांगितला. आधी एक मूळ क्लास, म्हणजे प्रोग्रामचा साचा, केला. त्यात 'तपासणी' नावाची मेथड, म्हणजे काय काय करायचं त्याची कृती, अगदी तुझी: वास, उकळणं. मग त्याच्या पोटी दुष्काळी क्लास काढला, कारण वाळल्या कडब्यावर गाईचं दूध पातळच येणार, तेवढं चालवून घ्यायचं ठरलं होतं. त्याच्या मेथडचं नावही 'तपासणी'च. मूळ क्लास ती आई, पोटचा ती लेक; लेकीनं आईच्याच नावाची मेथड लिहिली, की आईची आपोआप गप्प होते. आईचीही चालवायची तर लेकीनं आत 'सुपर' लिहून तिला हाक मारायची. एक ओळ फक्त. मी ती लिहिली होती आणि खोडली. विसरले नाही, माय, खोडली. म्हटलं, आता बस तू गप्प.

स्क्रीन वासाचं विचारीना, म्हणून काट्यावरचा कारकूनही किटली हुंगीना. चौथ्या दिवशी कुणाचं तरी नासकं दूध मोठ्या टाकीत गेलं, गावाचं सगळं दूध फाटलं आणि तालुक्याच्या दूध संघानं टँकर दारातून परत पाठवला. ते दूध नालीत ओतताना बायका नुसत्या बघत होत्या. अध्यक्षांनी मला विचारलं, "ताई, मशिनीत काही गडबड हाय का?"

"प्रोग्राम बरोबर हाय," मी म्हणाले.

मग दूध कुणाचं? सगळे रांगेतल्या शेवटच्या बाईकडे वळले. विधवा, एकच गाय, दूध कायम पातळ. ती म्हणाली, "लेकराच्या आनेनं सांगते, ताजं हुतं." आणि माझ्या तोंडातून तू बोललीस: "ताजं कुठलं! हे दूध न्हाई, भांडी खंगाळल्यालं पाणी हाय." लोक हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझा आड तूच होतीस. त्या दिवसापासून तिचं दूध बंद झालं. गावात दुसरी डेअरी नाही. तिनं गाय विकली आणि कोयता घेऊन ऊसतोडीला गेली.

त्याच संध्याकाळी मी ती ओळ गुपचूप परत लिहिली. नंतर दूध कधी फाटलं नाही, अध्यक्षांनी शाल-नारळ देऊन माझा सत्कारसुद्धा केला. हे पत्र खरं तर त्या बाईच्या दारात टाकायला पाहिजे. टाकणार नाही. मागच्या आठवड्यात ती कडा गावच्या बाजारात भेटली. माझा हात धरून म्हणाली, "माझ्याच किटलीला वास असंल गं लेकी."

मी म्हणाले, "असंल."